व्यवहार संपेपर्यंत बोलणं बंद

सोमवार, ता. ४

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. मी शेजारच्याच खोलीत आहे आणि प्रकृती ठणठणीत आहे.

आज ऑफिसात मॅनेजरबाईंनी बोलावून सांगितलं की दातांच्या डॉक्टरांचा जो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी विकतो आहे, तो घ्यायला आलेल्या व्हायोलिनच्या बाई तुझ्याकडे आहेत. म्हणजे विकणाऱ्याचा एजंट सासरा आणि घेणारीची एजंट सून. एका ऑफिसात असं झालं तर चालतं. फक्त एकाच्या पार्टीची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, असा नियम आहे. बाईंनी आपल्या दोघांच्या टेबलांमध्ये फायलींचं कपाट आणून ठेवलंय. घरात कपाट सरकवता येणार नाही, म्हणून मी ठरवलं आहे की व्यवहार संपेपर्यंत आपण एकमेकांशी बोलायचंच नाही. काय ते लेखी. बोलताना माणूस घसरतो. लिहायला आधी पेन शोधावं लागतं, तेवढ्यात शहाणपण येतं.

चाळीस वर्षांत माझ्या पार्टीचा एक शब्द माझ्या तोंडून बाहेर गेलेला नाही. माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नाही. केस होते, तेही गेले. तेव्हा तुझ्या बाई किती वर जातील हे मी विचारणार नाही आणि माझे डॉक्टर किती खाली येतील हे तू विचारू नकोस. भाजीत मीठ कमी असेल तर ते मी नियमाबाहेर धरतो; हाताने खूण करीन.

लोभ सध्या बेताने ठेवावा, व्यवहार झाल्यावर वाढवावा.

तुझे,
बाबा

मंगळवार, ता. ५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र दाराखालच्या फटीतून पोचलं. अटी मान्य आहेत.

माझ्या बाईंना फ्लॅट पुन्हा एकदा पाहायचा आहे. का पाहायचा आहे ते सांगणार नाही. पहिल्यांदा पाहिल्यावर त्या खूश झाल्या की नाही, तेही सांगणार नाही. गुरुवारी पाच वाजता चालेल का, एवढंच डॉक्टरांना विचारून कळवावं.

तुमच्या चिरंजीवांनी काल विचारलं की आपलं भांडण कशावरून झालं. मी म्हटलं, भांडण नाही, आपापल्या पार्टीशी निष्ठा आहे. त्यावर ते मित्राकडे जेवायला गेले.

ता. क. बाथरूमचा नळ गळतो आहे. ही माहिती लपवण्यासारखी नाही. नळ आपल्याच घरातला आहे.

नमस्कार आहेतच. मीठ टेबलाच्या मधोमध ठेवलंय, खुणेची गरज पडू नये.

आपली,
सूनबाई

गुरुवार, ता. ७

घरातल्या दोन्ही एजंटांस,
जो मोठा आहे त्याला नमस्कार, जी लहान आहे तिला आशीर्वाद. कोणाला काय पोचतं ते आपसात ठरवा. लेखी.

मी तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होते. चिठ्ठ्या पकडणं हे माझं काम होतं, पोचवणं नव्हे. आज सकाळी एक चिठ्ठी आमटीच्या वाटीखाली निघाली, एक चष्म्याच्या डबीत. जेवताना चौघे ताटात बघत बसतो, जणू परीक्षेचा पेपर आहे. काल मी दोनदा हवेचा विषय काढला. सूनबाईने हवेबद्दल मत द्यायला नकार दिला, कारण फ्लॅटमध्ये हवा कशी येते हा म्हणे व्यवहारातला मुद्दा आहे.

नळ मी प्लंबरला बोलावून नीट करून घेतला. तो कोणाचाच एजंट नव्हता, पटकन झालं.

दोघांवर माया आहे, पण ताणू नका.

आई

शनिवार, ता. ९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. आज थट्टा नाही.

काल संध्याकाळी तुम्ही बाल्कनीत डॉक्टरांशी फोनवर बोलत होतात. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांचं प्रत्येक वाक्य तुम्ही मोठ्याने परत म्हणत होतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं: डॉक्टरांच्या पत्नीला जिने चढवत नाहीत, त्यांनी तळमजल्यावरची जागा घेऊन ठेवली आहे, महिनाअखेर निघायचंच आहे, आणि म्हणून भाव बराच खाली आणायची त्यांची तयारी आहे. मी कान लावून ऐकलं नाही, बाबा. आज सकाळी खालच्या इस्त्रीवाल्याने मला विचारलं की डॉक्टरांच्या बाईंचे गुडघे आता कसे आहेत.

तुम्हाला कमी ऐकू येतं. वर्षभर होत आलं. स्वतःचा आवाज तुम्हाला कळत नाही, म्हणून तुम्ही ओरडून बोलता. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोललं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल. मीही बोलले नाही. चुकलंच माझं.

आता माझी पंचाईत अशी की बाई मला रोज विचारतात, डॉक्टर खाली येतील का? माहीत नाही म्हणाले तर जिच्यासाठी काम करते तिच्याशीच खोटं बोलते. येतील म्हणाले तर तुमच्या चाळीस वर्षांवर पाणी पडतं. दोन्ही माझ्याच्याने होणार नाही. सोमवारी सकाळी ऑफिसात सांगून मी हे काम सोडते आहे. कारण कोणालाही सांगणार नाही.

रागावलात तर रागवा, पण टाकू नका.

आपली,
सूनबाई

सोमवार, ता. ११, दुपार

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. आधी राग आला. मग हिला विचारलं, मी खरंच ओरडून बोलतो का? ती काहीतरी म्हणाली. मी पुन्हा विचारलं. चौथ्यांदा मला ऐकू आलं की ती तीनदा हो म्हणाली होती. मग राग गेला आणि फार वाईट वाटलं.

आज सकाळी तुझ्याआधी बाहेर पडलो. डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं की तुम्ही विश्वासाने दिलेली गोष्ट मी साऱ्या इमारतीला ऐकवली, घेणाऱ्या पार्टीच्या एजंटालाही. माझ्याकडून काम काढून घ्या. ते बराच वेळ गप्प होते. निदान मला तरी तसं वाटलं. मग मी निघालो आणि बागेत जाऊन बसलो. ऑफिसात आलो तर तूही काम सोडल्याचं कळलं. आता फ्लॅटला मालक आहे, गिऱ्हाईक आहे, आणि मधे कोणी नाही.

तू सोडायला नको होतंस. तुझी चूक काडीची नव्हती. मी मात्र ऑफिसात जाणं कायमचं बंद करावं म्हणतो. ज्याला पार्टीचं गुपित पोटात ठेवता येत नाही त्याने भाजी विकावी. तिथे ओरडलेलं चालतं.

आता कानाच्या डॉक्टरांकडे जातो आहे.

लोभ कमी झाला असल्यास समजू शकतो.

बाबा

सोमवार, ता. ११, संध्याकाळ

दोघांस,
आधी बसा. मग वाचा.

तुम्ही दोघे बाहेर होतात तेव्हा दातांचे डॉक्टर आले. यांना परत बोलवायला आले होते. म्हणाले, आजवर पुष्कळ लोकांनी फसवलं, पण आपलीच चूक सांगायला पायऱ्या चढून आलेला हा पहिलाच माणूस. याला सोडून मी कोणाकडे जाऊ? सकाळी त्यांना उत्तर सुचलं नव्हतं, आणि सुचेपर्यंत हे जिना उतरून गेले होते. त्यांनी वरून हाकाही मारल्या म्हणे.

त्यांना बसवते तोच व्हायोलिनच्या बाई आल्या. त्या सूनबाईला परत कामावर न्यायला आल्या होत्या. दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसून पंख्याकडे बघू लागले.

या घरात राहून मला दोघांचंही सगळं ठाऊक झालंय, आणि मला कोणी शपथ घातलेली नाही. तरी मी तोंड उघडलं नाही. एवढंच म्हटलं की हे विकणारे, या घेणाऱ्या, आणि मी चहा टाकते. चहा उकळेपर्यंत डॉक्टरांनी स्वतःच गुडघ्यांपासून तळमजल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं होतं. बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्या रियाजापायी तीन ठिकाणच्या शेजाऱ्यांनी त्यांना घर सोडायला लावलं. या फ्लॅटच्या भिंती जाड आहेत, म्हणून त्या वाटेल तो भाव देतील. मग अर्धा तास ते भाव उतरवत राहिले आणि बाई चढवत राहिल्या. शेवटी मी मधला आकडा सांगून कप उचलले.

कागदपत्रं तुम्ही दोघांनीच करायची अशी दोघांची अट आहे. लपवायला आता काही उरलेलं नाही, तेव्हा मॅनेजरबाईंनीही फोनवर हरकत घेतली नाही. उद्यापासून जेवताना बोलायचं. हा नियम माझा.

आई

मंगळवार, ता. १२

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

हिच्या नियमाप्रमाणे आज सगळे बोललात. चिरंजीव तर हसत होता. मीही हसलो. कशाला ते मला कळलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. यंत्राने थोडा फरक पडेल, पूर्वीसारखं होणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. ऑफिसात जाणं बंद करत नाही. माझ्या पार्ट्यांचे फोन यापुढे तू घ्यायचे, मी शेजारी बसेन. जी बाई माझ्याविरुद्ध वापरता येण्यासारखी गोष्ट आधी मलाच येऊन सांगते, तिच्या हाती माझी गिऱ्हाइकं द्यायला मला भीती नाही.

आता खरं सांगतो. गेलं वर्षभर जेवताना मी नुसती मान हलवत होतो. तुम्ही हसलात की हसायचो, गप्प झालात की पाणी प्यायचो. काही चुकतंय हे कळायचं, काय ते कळायचं नाही, आणि विचारायची लाज वाटायची. गेल्या आठवड्यात तुम्ही सगळे माझ्याशी लिहून बोललात. नळ गळतो ते मला कळलं, चिरंजीव मित्राकडे जेवला ते कळलं, तू माझ्यासाठी काम सोडलंस तेही कळलं. वर्षभरात पहिल्यांदा घरातलं एकही वाक्य माझं सुटलं नाही.

व्यवहार संपला आहे. तरी तुला जमेल तेव्हा चार ओळी दाराखालून सरकवत जा. आज कशाला हसलात, तिथपासून सुरुवात कर.

बाबा