तोडलेली अर्थची पिन

प्रिय बबनदादा,

तुला जाऊन आठ महिने झाले. आज वहिनीला सगळं खरं सांगून आलो, म्हणून तुलाही लिहायला बसलो. खरं तर सगळ्यात आधी तुलाच सांगायला हवं होतं!

आठवतं, धरमपेठेतल्या आपल्या दुकानात ऑसिलोस्कोप आला तेव्हा तू नारळ फोडला होतास? नरखेडच्या बागवाल्यांच्या पंपांचे कंट्रोलर आता पडद्यावर लहर बघून दुरुस्त करायचे, या कल्पनेनेच किती खूश होतास!

पण कंट्रोलरच्या चालू बोर्डाला स्कोपच्या तपासणीच्या वायरचा, प्रोबचा, काळा चिमटा लावला की ठिणगी उडायची आणि एमसीबी पडून वीज जायची. तू लगेच ओळखलंस. "चिमटा आतून अर्थले, म्हणजे जमिनीले जोडला आहे गा. बोर्डाची वीज जमिनीपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणू. तोवर चालू बोर्डाले लावू नको."

मी का ऐकलं नाही? सोमवारी तू भिवापूरला गेलास. इकडे एका बागवाल्याची झाडं सुकत होती, तो दुकानातच बसून होता. मी पक्कड घेतली आणि स्कोपच्या प्लगची अर्थची पिन तोडली. एमसीबी पडली नाही. केवढा आनंद झाला मला!

आता चिमट्यातून आलेला करंट जमिनीत न जाता स्कोपच्या धातूवरच येणार, हे कळत नव्हतं का? कळत होतं, दादा. रबरी चटईवर उभं राहून, एक हात खिशात ठेवून मी काम केलं. तुला सांगायचं मात्र राहून गेलं.

मंगळवारी सकाळी सगळं चालू ठेवून मी चहा सांगायला बाहेर पडलो. तू आलास. चिमटा लावलेला, तरी एमसीबी पडलेली नाही, म्हणजे बोर्ड बंद असणार, असंच तुला वाटलं ना? एक हात कंट्रोलरच्या अर्थ केलेल्या लोखंडी डब्यावर, दुसरा प्रोब काढायला स्कोपच्या धातूच्या जोडावर...

मी परतलो तेव्हा तू खाली पडला होतास.

लोक म्हणाले, बबनने निष्काळजीपणा केला. आणि मी? मी मान डोलावली! तुझ्या मरणापेक्षा ती मान जास्त छळते.

आज वहिनी पुन्हा म्हणाली, "एवढे हुशार माणूस, असे बेफिकीर काहून झाले?" मग राहवलं नाही. सगळं ऐकून ती एवढंच बोलली, "आठ महिने मले त्यायचाच राग येऊन राहिला होता, भाऊजी."

दादा, शनिवारी आपल्या ओळखीच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांना दुकानात बोलावलंय. वहिनीही येणार आहे. चूक तुझी नव्हती, माझी होती, हे त्या सगळ्यांसमोर सांगेन. मान खाली घालणार नाही, एक शब्दही गाळणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
दिलीप