बाबांच्या नावाचं खनिज

६ मार्च
गेला! अर्ज नव्या खनिजांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे गेला. नवं खनिज, आणि नाव बाबांचं. स्वतःच्या खनिजाला स्वतःचं नाव देता येत नाही, पण सुनेने सासऱ्यांचं दिलेलं चालतं. फक्त माणूस जिवंत असेल तर त्याची लेखी संमती लागते. सही करताना बाबांनी दोनदा पेन बदललं. म्हणाले, "शाई फिकी दिसली तर समिती मला मेलेला समजायची."
दगड त्यांनीच आणलेला, कधीकाळी. त्यातले खसखशीएवढे तांबूस कण मी तपासले, एवढंच माझं. आयुष्यभर दगड फोडले त्यांनी, पण नवं काही हाती लागलं नाही. निवृत्तीनंतर तर बोलणंच आटलं होतं. आज जेवताना गाणं गुणगुणत होते. नवरा हळूच म्हणाला, "आई गेल्यापासून पहिल्यांदा."

९ मार्च
बाबांनी न्हाव्याला सांगितलं. औषधवाल्यालाही. औषधवाला म्हणे, "पोटात घ्यायचं का लावायचं?"

१४ मार्च
शेण खाल्लं मी.
दुसऱ्याच कुणाचा नमुना मोजत होते, आकडे विचित्र आले म्हणून यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरले. आपल्या कणांत निओडिमियम जास्त, सेरियम कमी — म्हणून तर ते नवं! सेरियम जास्त असलेलं पुस्तकात कधीचंच नोंदलेलं आहे. पण या दोन मूलद्रव्यांच्या रेषा यंत्रात एकमेकींना खेटून येतात. सेरियमचा थोडा वाटा निओडिमियमच्या नावावर चढतो, तो वजा करावा लागतो. हे मला बाबांनीच शिकवलं, ते सासरे नव्हते, सर होते तेव्हा. यंत्राच्या दुरुस्तीनंतर ती वजाबाकी बंद पडली होती आणि मी पाहिलंसुद्धा नाही. घाई! नाव द्यायची घाई!
वजा केलं. सेरियम जास्त. फार नाही, पण जास्त.
म्हणजे नवं काहीच नाही.
कुणाला बोलले नाही.

१५ मार्च
बाबांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, डोकं दुखतंय. स्वतः उठून गोळी आणि पाणी घेऊन आले. समोर उभे राहिले म्हणून गिळली.

२० मार्च
उरलेले कण मोजत सुटलेय. सगळ्यांत सेरियम. आज एका कणात निओडिमियम पुढे निघालं — केसभर! मोजण्यातली चूकच त्याहून मोठी असते, तरी माझा जीव भांड्यात पडला. मग स्वतःचीच किळस आली. बाकीचे विसरायचे आणि हा एक धरून बसायचं? विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला घालवून दिलं असतं.
पण त्या कणाची फाईल वेगळी काढून ठेवलीय. का, ते मला माहीत आहे.

२१ मार्च
बाबांनी जुन्या कोटाला नवी बटणं लावून आणली. मंजुरी आली की फोटो काढायचाय म्हणे.

२६ मार्च
एकदा एका दशांश चिन्हापायी सरांनी स्वतःचा लेख छापखान्यातून परत मागवला होता. अख्खा विभाग हसला, ते नाही हसले. ते माझ्यावर रागावतील याची भीती नाही. रागावणारच नाहीत! खरं बोललीस म्हणून पाठ थोपटतील, आणि मग खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसतील. तेच मला बघवणार नाही.

३० मार्च
मैत्रिणीला सांगितलं. कणांची स्फटिकरचना तिने काढलेली, अर्जावर तिचंही नाव आहे. आधी ओरडली, "डोळे कुठे होते तुझे?" मग स्वतः बसून सगळं पुन्हा काढलं. उत्तर तेच. शेवटी म्हणाली, "उद्या मागे घेऊ. पण घरी तूच सांगायचं. मला त्या म्हाताऱ्यासमोर उभं करू नकोस."

३१ मार्च
सकाळी अर्ज मागे घेतला. संध्याकाळी बाबांजवळ बसले आणि चूक सांगितली, सगळी. अर्ज मागे घेतल्याचं सांगणार, तोच ते उठले, दार लोटून घेतलं. हळूच विचारलं, "अजून कुणाला माहीत आहे?" उत्तराची वाटही पाहिली नाही. म्हणाले, "केवढासा फरक आहे. राहू दे ना गं. मी गेल्यावर घे मागे."
मी म्हटलं, "हो बाबा."