कॉलनीच्या आंघोळींना शिस्त

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची असते.
सांडपाण्याच्या प्लांटचे प्रमुख निवृत्त होतायत. त्या खुर्चीवर एक तर मी बसणार, नाहीतर दुसऱ्या पाळीचा इन-चार्ज, म्हणजे माझा मेव्हणा. म्हणजे मीच. अठराला मोठे साहेब बघायला येणार, मग निर्णय.
अडचण एकच. सकाळी सगळी कॉलनी एकदम आंघोळीला बसते आणि लोंढा येतो. दुपारी टिपूस नाही. पाणी साफ करणारे आमचे जिवाणू सकाळी वाहून जातात, दुपारी उपाशी मरतात. मीटरवरचा आलेख म्हणजे उंटाची पाठ. मला सरळ रेषा पाहिजे.

५ मार्च
मेव्हण्याने सगळ्यांसमोर अक्कल पाजळली. म्हणे लोंढा साठवायलाच मोठी टाकी आहे, ती रात्रीतून निम्मी रिकामी करा, सकाळचं पाणी तिच्यात मावेल, मग दिवसभर हळूहळू सोडा. दीडशहाणा! रिकामी टाकी बघून साहेबांना वाटेल, इथे सगळे झोपा काढतात. मी काठोकाठ भरून ठेवायला सांगितली. दोष टाकीचा नाहीच. दोष लोकांचा.
संकल्प: मेव्हण्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

७ मार्च
नोटीस लावली. पहिल्या इमारतीने पहाटे आंघोळ करायची, दुसरीने दहानंतर, तिसरीने दुपारी. तिसरीतल्या मास्तरांनी विचारलं, शाळेत काय पारोसं जायचं? मी म्हटलं, पोरांना काय कळतंय. मला मूर्ख म्हणाले. यांच्या हातात देशाची मुलं!

१० मार्च
नोटीस फाडली कुणीतरी. लोंढा जसाच्या तसा. पहाटेवाले घोरत पडतात, दुपारवाले सातलाच उरकतात. हरामखोर.
घरातही फितुरी. सातला बायको बाथरूममध्ये! दारावर थाप मारली. तिने आतून माझ्या खानदानाचा उद्धार केला. नळ आणखी मोठा सोडून.

१२ मार्च
मेव्हणा घरी आला. मी बोललो नाही. त्याने बहिणीमार्फत विचारलं, टाकी अजून भरलेली का. मी तिच्यामार्फतच सांगितलं, टाकी तुझ्या बापाची आहे का. तो बाप तिचाही, हे जरा उशिरा लक्षात आलं.
जेवण मिळालं नाही.

१७ मार्च
डोकं असावं तर असं! उद्या साहेब येण्याआधी कॉलनीच्या पिण्या-वापरायच्या पाण्याचा व्हॉल्व्हच बंद. ते गेले की चालू. पाणी नाही तर आंघोळ नाही, आंघोळ नाही तर लोंढा नाही. आता बसा बोंबलत.

१८ मार्च, सकाळ
रेषा सरळ. शून्यावर आहे, पण सरळ. साहेबांनी विचारलं, पाणी कुठाय? म्हटलं, शिस्तीत आहे. साहेब चहा घेत थांबले. इतका वेळ थांबतील असं वाटलं नव्हतं.

१८ मार्च, संध्याकाळ
व्हॉल्व्ह कॉलनीने उघडला. पुढे बायको, मागे तिन्ही इमारती. मग सगळे नळ, सगळे संडास, सगळ्यांचं तुंबलेलं धुणं, एकाच वेळी. टाकीत तांब्याभरही जागा नव्हती. काठावरून जे आलं ते साहेबांच्या गुडघ्यापर्यंत पोचलं.
टाकी भरून ठेवायची कल्पना कुणाची, असं साहेबांनी विचारलं. मी मेव्हण्याकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही. बाकीचे सगळे बोलले.
कॉलनी कृतघ्न आहे.

२१ मार्च
ऑर्डर निघाली. मेव्हणा. सगळं राजकारण!
बायकोने त्याला जेवायला बोलावलं. जेवीन, पण तोंडातून शब्द काढणार नाही, असं ठरवून पाटावर बसलो. जेवता जेवता तो म्हणाला, भावोजी, टाकी रिकामी केलीय, तळाशी ढीगभर गाळ निघालाय, उद्या सकाळी फावडं घेऊन उतरा. बायको वाढायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, हो साहेब.