न शिकवलेली उत्तरं

३ तारीख, सोमवार
आज रुजू झाले. ही कंपनी इमारतींच्या दारांची कुलुपं चालवणारे प्रोग्रॅम बनवते. ते तपासायचं काम माझं. राहायची खोली ऑफिसच्याच वरच्या मजल्यावर आहे, खिडकीत कुंडीसुद्धा. खालचे रखवालदारकाका भलतेच गप्पिष्ट. आल्या आल्या गुडघेदुखीचं पुराण ऐकवलं. शनिवारी घरी यायचं लेकीला कबूल केलंय. पाच वर्षांची आहे, पण शब्द दिलेला विसरत नाही.

४, मंगळवार
आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी पद्धत समजावली. एखादा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा भाग, तपासायचा, तर तो ज्यांच्यावर अवलंबून असतो ते खरे क्लास आणायचे नाहीत. त्यांच्या जागी तोतये उभे करायचे. हे विचारलं की हे सांग, एवढंच त्यांना शिकवायचं. न शिकवलेलं विचारलं की उत्तर कोरं, नाहीतर ‘नाही’. अगदी सांगकाम्या ओनाम्या. मला हे लोक फार आवडले.

५, बुधवार
दाराच्या क्लाससाठी आज तीन तोतये केले: रखवालदार, घरचा फोन आणि रहिवासी. रखवालदाराला शिकवलं, ‘जेवलात का ताई?’ फोनला लेकीचं पालुपद, ‘आई, शनिवारी येतेस ना?’ रहिवासी म्हणून माझीच माहिती भरली आणि एक वाक्य दिलं, ‘खोली हवेशीर आहे.’ सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मास्तर खूश, म्हणाले, खऱ्यांपेक्षा हेच बरे, हेच ठेवू. मी हसले.

६, गुरुवार
काकांनी जेवलात का ताई म्हणून चारदा विचारलं. मी गुडघ्याची चौकशी केली, तर नुसते बघत राहिले. काहीतरी बिनसलं असेल.

७, शुक्रवार
घरी फोन केला. लेक म्हणाली, आई, शनिवारी येतेस ना? हो म्हटलं. शाळेत काय केलंस विचारलं. शांतता. मग पुन्हा तेच. मला भीती वाटतेय.

८, शनिवार
खालचं बाहेरचं दार उघडत नाही. काकांना म्हटलं, बाहेर जाऊ द्या. नाही म्हणाले. मग आठवलं — या प्रश्नाचं उत्तर मी शिकवलंच नव्हतं. घाईत राहिलं. दुरुस्त करायला गेले तर संगणकही ‘नाही’. मास्तर म्हणतात चाचण्या हिरव्या आहेत, हात लावू नका. तीनदा म्हणाले. त्याच आवाजात —

९
खोली हवेशीर आहे.
हे मला लिहायचं नव्हतं. हात माझाच —
खोली हवेशीर आहे.
नाही. शिकवलेलं नको. लेकीचं नाव लिहिते. पाच वर्षं हाक मारतेय, ते कुठे जाणार. तिचं नाव —