जनीची कावीळ लागत नाय

कर्जत, सन १९८१

शिळफाट्याच्या अनसूया विहीणबाईंना गौराबाईचा नमस्कार.

माझी नात जनी पिवळी पडली, तशी "आमाला कावीळ लागंल" म्हणून तुमी तिला माहेरी धाडलीत. मुंबईच्या डाक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, "आजी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढायच्या सोडून हिच्याच काळजावर उठल्यात."

मी म्हटलं, "काळजावर तर सासू उठलीय!"

तो हसला. "काळीज म्हणजे पोटातलं यकृत हो. ही कावीळ कुणाला लागत नाही."

गोळ्या चालू हायेत. डोळे कसे पांढरेशुभ्र झालेत, तोंड मात्र त्याच गोळ्यांनी पुरीवाणी फुगलंय!

हे पत्र पोस्टात टाकत नाय, तुमी लपवाल. उद्या जनीला घेऊन येते नि तुमच्या अंगणात अक्षरं लावत मोठ्यांदा वाचते. शेजारणींना मीच हाका मारून गोळा करते.

जनीची आजी,
गौराबाई