चुकलेली पाळी

निमोणे
ता. २२/२/९८

चि. शंभूस आक्काचा आशीर्वाद.

आम्ही समदी खुशाल हाय. आईचे गुडघे धरलेत. शेळी व्याली. तुझं राजस्थानातनं आलेलं पत्र पोचलं. ‘हर्षदाला माहेरी घालवा आन् पोट कुणाचं ते विचारा’ असं लिहिलंस. तू सांगायच्या आधीच आम्ही तिला दौंडला घालवली होती.

खुशाल लिहायची सवय, म्हणून लिहिलं. तुझी हर्षदा मंगळवारी वारली.

पोट कुणाचंच नव्हतं. दौंडच्या डॉक्टरनं पाणी काढलं. काळीज थकलं की पोटात पाणी साठतं म्हणे.

लहानपणी सांधे धरून ताप आला, तवापासून तिच्या काळजाची झडप बिघडलेली, ते तुला ठाऊक हाय. शिरूरला दर एकवीस दिवसांनी सुई घेतली म्हंजी दुखणं वाढत न्हाई. आई तिला एकटीला धाडायची न्हाई, सोबतीला मी. दिवाळीत मी म्हटलं, मला सवड न्हाई. मग शिरूरच्या नर्सबाईंचं कार्ड आलं. ‘हर्षदाची पाळी चुकली आहे. ताबडतोब घेऊन या.’

पोस्टमननं ते आईला पारावर वाचून दाखवलं, चारचौघांत. तू गुढीपाडव्यापासून बोअरच्या गाडीवर, राजस्थानात. गावाला आयतंच मिळालं. आई घरी येऊन म्हणाली, तू वाच. मी वाचलं, होतं तसंच.

हर्षदा आधी हसलीच. “अवो, सुईची पाळी. वन्संना विचारा की.”

आईनं विचारलं. मी म्हटलं, “मला काय ठाऊक? मी तर भाईर बाकड्यावर बसती.”

आईनं तिला मागच्या खोलीत घातली. कडी मी लावली. भाकरी सरकवताना ती म्हणायची, “वन्सं, दम पुरत न्हाई, शिरूरला न्या.” संक्रांतीला पोट दिसाया लागलं तवा आई म्हणाली, बघ आता. मी बघितलं. पाय पण सुजले होते, ते मी बोलले न्हाई.

का, म्हणशील. डॉक्टरनं तिला वजन उचलू नको म्हटलं, तवापासून तिच्या वाटणीच्या घागरी माझ्या डोक्यावर. मी नवऱ्यानं टाकलेली, मला कोण बस म्हणणार? एवढंच. याहून मोठं कारण लई शोधलं, घावलं न्हाई.

तुझे सासरे मारुतमामा तिचं सुईच्या तारखांचं दवाखान्यातलं कार्ड उंबऱ्यावर ठेवून गेले. आई अजून सांगती, पाप आपसूक गेलं. मी अजून गप्प हाय.

उत्तर पाकिटात घालू नको. मी केलं ते समदं उघड्या कार्डावर लिही, आईच्या नावानं. पोस्टमनला पारावर वाचू दे.

आक्का म्हणू नको.

धुरपदा