बोटीवरचं माझं नाव

लोर्नाताईस,
धाकट्या एमेटचा नमस्कार. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं?

सोमवारी बोटघरात आठजणींची नवी बोट आली. ताडपत्री उचलली, तर टोकाशी माझंच नाव, 'एमेट टोर्विक'. आमच्या कॉलेजात बोटीला नाव देतात ते निवृत्त झालेल्याचं, नाहीतर मेलेल्याचं. मी मेलेलो नाही. एकतीस वर्षं पोरींना वल्हवायला शिकवलं, आणि मला काढल्याचं माझ्याआधी रंगाऱ्याला कळलं.

क्रीडासंचालक म्हणतो, "कोच, शनिवारी समारंभात सांगणार होतो. केकही सांगितलाय."

म्हटलं, "तो केक तूच गिळ."

पोरी म्हणाल्या, "आम्ही या बोटीत पाय ठेवणार नाही." त्यांच्यावरही भडकलो. बोट झकास आहे, तिचा काय दोष? म्हटलं, बसा गुमान. आता रोज पहाटे कर्ण्यातून स्वतःलाच शिव्या घालतोय, "टोर्विक, वाकडा चाललायस, सरळ हो."

जूनची शर्यत झाली की येतो. माझी खोली आवरून ठेवशील ना?

आईला बोटीचं जरूर सांग, तिला बरं वाटेल. नाव कुणाचं देतात, ते मात्र सांगू नकोस.

तुझा,
एमेट